घामाच्या वासावर संशोधन? हो, करतात!

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी; गणित नाही). क्लासमध्ये दोन मैत्रिणींनी 'तुझ्या घामाचा वास येतो' म्हणत बाक बदलला. तेव्हापासून अंगाच्या वासावरून माणसं एकमेकांबद्दल काय मत बनवतात, बायकाबायकांतल्या चढाओढीत त्याचा काही भाग असतो का, हेच वाचत बसते. नीट नको, यातच संशोधन करणार म्हणते. घरचे हसतात. यात करिअर आहे का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, हसू नका. नाकात वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं १९९१ साली शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं.

तिला आधी हे सांगा, की ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. काखेतले जिवाणू त्यातले पदार्थ फोडतात, तेव्हा तो सुटतो. शिवाय एबीसीसी११ या जनुकातल्या फरकामुळे पूर्व आशियातल्या बहुतेकांच्या काखेला फारसा वास येत नाही. म्हणजे यात स्वच्छतेइतकाच जन्माचाही भाग आहे.

आता चढाओढीचं. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात बायकांना दुसऱ्या बायकांनी घातलेले टी-शर्ट हुंगायला दिले. बीजोत्सर्गाच्या सुमारास घातलेले टी-शर्ट हुंगणाऱ्यांच्या शरीरात, इतर दिवसांतले हुंगणाऱ्यांपेक्षा, टेस्टोस्टेरॉन हे चढाओढीशी जोडलं जाणारं हॉर्मोन जास्त आढळलं. तिनं बहुधा हेच वाचलं असणार. पण हॉर्मोन हललं म्हणजे चढाओढ लागली, ही उडी मला लांबची वाटते. उलट २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांना दिसलं, की पहिल्या भेटीतच सूत जुळलेल्या मित्रांच्या, मैत्रिणींच्या अंगाचे वास एकमेकांशी मिळतेजुळते असतात. एकच नाक, दोन गोष्टी!

या विषयात गाजलेलं विधान पुढे डळमळतं, हे नेहमीचं. एकत्र राहणाऱ्या मुलींची पाळी एका वेळी येते, हे हॉस्टेलमध्ये आजही छातीठोक सांगतात. मूळ निबंध १९७१ चा, पण नंतरच्या तपासण्यांत तो टिकला नाही. माणसाचा फेरोमोन (म्हणजे अंगातून सुटून दुसऱ्याच्या शरीरावर किंवा वागण्यावर परिणाम करणारा रासायनिक संकेत) म्हणून खात्रीनं दाखवता येईल असा एकही पदार्थ अजून हाती नाही. अशा अनिश्चिततेत तिला मजा वाटत असेल, तर तिनं यावं. त्या दोघींना उत्तर द्यायचं म्हणून येणार असेल, तर शिक्षणाची पाच वर्षं फार होतात.

रस्ता सांगतो. पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत वासाच्या मेंदूविज्ञानावर काम चालतं. प्रवेशाला आयएटी ही आयसरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि त्यात गणिताचेही प्रश्न असतात. पीसीबीवाली मुलं इथेच अडतात, तेव्हा गणित आत्तापासून काढा. नाशिक सोडायचं नसेल तर आरवायके किंवा केटीएचएमला बीएस्सी करून मग बाहेर पडता येईल. सुगंधाच्या धंद्याकडे वळायचं झालं, तर माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) परफ्युमरी आणि फ्लेवर टेक्नॉलॉजी शिकवतात. आपल्याकडच्या वायनऱ्यांनाही तयार नाक लागतं (हे आजीला सांगू नका).

एक काम द्या तिला. कोणाचा टी-शर्ट कोणता हे हुंगणारीला कळू न देता, साबण आणि डिओचा वास वगळून, हा प्रयोग ती कसा करेल ते दोन पानांत लिहायला सांगा. ती पानं घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. बाकाचं प्रकरणही तेव्हा बोलू. नीटचा फॉर्म मात्र तोवर भरून ठेवा.