जांभ्यावर रंग नको, गिलाव्याची भिंत शोधा

तुम्हाला मालवणच्या बाजारपेठेतल्या जुन्या जांभ्याच्या घरांवर, दिल्लीच्या लोधी कॉलनीसारखी दहाबारा मोठी चित्रं करायची आहेत आणि तीही गणपतीच्या आधी. गणपतीचं विसरा. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडची भिंत आतून ओली असते, तिच्यावर रंग धरत नाही. तुळशीचं लग्न लागलं की परांची बांधा आणि शिमग्याच्या आत उतरवा.

आता भिंतीचं. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळाभर पाणी पितो आणि थंडीत हळूहळू सोडतो. त्यावर बाहेरचा ॲक्रिलिक रंग मारला की वर प्लॅस्टिकसारखा पापुद्रा बसतो. आतल्या पाण्याला वाट मिळत नाही, मग फुगे येतात आणि खाऱ्या वाऱ्यामुळे लोणाही लागतो. पापुद्रा सुटताना एकटा सुटत नाही, चुन्याचा गिलावाही घेऊन येतो. म्हणून उघडा जांभा आणि जुना चुना या दोन्हींना हात लावू नका. अगदीच हवं असेल तर चुन्याच्या सफेदीत गेरू-पिवडीसारखे मातीचे रंग मिसळा. चुना श्वास घेऊ देतो. सिलिकेट रंगही (चुन्याशी एकजीव होणारे खनिज रंग) चुन्यावर चालतात, पण खाली आधीचा ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर असेल तर धरत नाहीत आणि खिशालाही जड जातात.

मी ही चूक केलेली आहे. पश्चिमेकडच्या एका भिंतीवर आम्ही मजल्याएवढा बांगडा रंगवला होता. खवल्यांची निळी-हिरवी चमक आणायला चार दिवस गेले. पहिल्याच पावसात जोत्यापासून शेवाळ चढायला लागलं, श्रावणापर्यंत बांगडा पोटापर्यंत हिरवा. पोरं म्हणाली, आता खरा पाण्यात गेला! दिवाळीत पुसायला गेलो तर डोळ्याच्या जागचा तळहाताएवढा गिलावा हातात आला. घरमालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘भित माझी, चित्र तुमचां.’ दुरुस्तीचा खर्च अर्थातच आमच्या अंगावर.

झड येते नैर्ऋत्येकडून. आपली जुनी माणसं पश्चिमेच्या भिंतीला मिरगाआधी माडाच्या झावळ्यांची झापं का बांधायची, ते उगाच नाही. तुम्ही पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत घ्या, वरून पागोळ्या पडत नसलेली. एसटी स्टँड, शाळा, पाण्याची टाकी, मासळी बाजाराची मागची बाजू अशी सिमेंट गिलाव्याची बांधकामं जुन्या पेठेच्या आसपासच असतात. बोटाने ठोकून पाहा. पोकळ वाजलं तर तेवढा गिलावा काढून नवा करा आणि 28 दिवस सुकू द्या. मग हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी आत घाम दिसला तर थांबा.

लोधी कॉलनीशी तुलना करताना एक लक्षात घ्या. ती सरकारी वसाहत आहे, मालक एकच, भिंती एकसारख्या, रस्ते रुंद. 2015 पासून तिथे एकामागून एक चित्रं होऊ शकली त्याचं अर्धं कारण हेच. आपल्याकडे एका घराच्या उताऱ्यावर सात नावं. आमची परांची उभी असताना मुंबईहून फोन आला होता की आमच्या हिश्श्याला रंग कोणाला विचारून लावला. तेव्हा सगळ्या भाऊबंदांच्या सह्या आधी. नगर परिषदेची ना-हरकतही लेखी घ्या. मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा राज्याचा कायदा आहे आणि तक्रार करणारा एखादा निघतोच.

विजयदुर्गासारखं किल्ल्याला लागून गाव असेल तर आणखी जपून. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटर मनाई क्षेत्र, त्यापुढे 200 मीटर नियंत्रित. चित्र म्हणजे बांधकाम नव्हे हे खरं, पण गिलाव्याची दुरुस्ती आली की परवानगीचा प्रश्न येतो. पुरातत्त्व खात्याला लेखी विचारूनच सुरू करा.

आता चित्र भिंतीवर मोठं करून उतरवायचं कसं? बाजारपेठेच्या गल्लीत प्रोजेक्टरला मागे सरकायला जागा नाही आणि बूम लिफ्ट शिरत नाही. आम्ही भिंतभर खडूने वेडीवाकडी चिन्हं काढतो, फोटो घेतो, फोनमध्ये त्यावर रेखाचित्र ठेवतो आणि चिन्हांच्या आधाराने रेषा मारतो. चौकटी आखण्यापेक्षा लवकर होतं.

विषय तुमचा तुम्ही ठरवा. फक्त ‘लोककला’ म्हणून इंटरनेटवरून चित्रकथी, म्हणजे कागदावरची चित्रं दाखवत कथा सांगायची आपल्याकडची कला, उचलू नका. ती कला जपणारं पिंगुळी गाव कुडाळजवळच आहे. तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. तिथल्या कलाकारांना बोलवा आणि मजुरी नव्हे, मानधन द्या. हातभर कागदावरची रेषा दोन मजली करताना कुठे जाड करायची, हे त्यांच्याशी बसूनच ठरतं.

रंगांत गेरू आणि ऑक्साइडचे टिकतात. भडक गुलाबी-जांभळे उन्हात आधी उडतात. दर दोन वर्षांनी धुण्या-डागडुजीचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नंतर कोणी देत नाही.

पहिली भिंत नक्की झाली की दिशा आणि वरची पन्हळ दिसेल असा फोटो टाका, मग प्रायमरचं बोलू.