दारू चढलेल्या माणसाला बोलीभाषेत काय काय म्हणतात, आणि कुठला शब्द कधी वापरतात?

सगळ्यात जास्त चालणारा शब्द म्हणजे 'टाईट'. 'तो टाईट झालाय', जास्तच असेल तर 'फुल्ल टाईट'. 'तर्र', 'टुन्न' हे त्याच अर्थाचे, पण जरा मजेत बोलायचे. 'टल्ली' हिंदीतून आलाय, तरुण मंडळींत जास्त ऐकू येतो. नुकतीच लागायला लागली असेल तर 'चढलीय' किंवा 'विमान हवेत आहे' म्हणतात. भान सुटलं की 'आउट झाला'.

खरी गंमत क्रियापदांत आहे. 'घेतो' हे सभ्य: 'तुम्ही घेता का?' असं पाहुण्यालाही विचारता येतं. 'बसायचं का?' हा मित्रांमधला सांकेतिक प्रश्न, त्यात दारूचं नावही येत नाही. 'लावून आलाय', 'टाकून आलाय' यात थोडी टर उडवणं आहे. 'ढोसून आलाय' मध्ये मात्र सरळ राग असतो. हे बहुतेक घरातली माणसंच म्हणतात.

माणसासाठीचे शब्द जपून वापरा. 'बेवडा' मित्राला हसत म्हणता येतो, अनोळखी माणसाला म्हटलात तर भांडण ठरलेलं. 'दारुडा', 'पिदाड' तर उघड हेटाळणीचेच. बातम्यांत दिसणारा 'तळीराम' त्यामानाने सौम्य. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधलं हे पात्र, आता पिणाऱ्यांचं सामान्यनामच होऊन बसलंय.