स्पोलिएशन म्हणजे लूट की पुरावा पुसणं?

प्रश्न: पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरला कोणीतरी ठोकलं, सोसायटीकडे सीसीटीव्ही फुटेज मागितलं तर म्हणे डिलीट झालं, वकील म्हणाले हे स्पोलिएशन, पण डिक्शनरीत लूट दिलंय! – एक वाचक, म्हापसा

उत्तर: दोन्ही बरोबर. १७९०च्या दशकात फ्रेंचांनी अमेरिकन व्यापारी जहाजं पकडून माल लुबाडला, त्या भरपाईच्या दाव्यांना हेच नाव पडलं. आता मात्र कोर्टकचेरीत त्याचा अर्थ पुरावा मुद्दाम नष्ट करणं. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ बघा, कोर्टात द्यावं लागणारं डॉक्युमेंट किंवा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड तिथे पोचू नये म्हणून नष्ट केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. पण डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) भरला की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं हां, तो काही गुन्हा नव्हे, म्हणून लेखी मागणी लगेच द्यायची आणि पोचपावती घ्यायची.