'बंधुसंघ' नको, आणि 'असंस्कृत' तर मुळीच नको

एका वाचकाने विचारलं आहे: "एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठातल्या एका जुन्या स्टुडंट फ्रॅटर्निटीवरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणतो आहे. 'बंधुसंघ' लिहिलं की एखाद्या मठाचं नाव वाटतं. 'विद्यार्थी संघटना' लिहिलं की मोर्चे आणि घोषणा डोळ्यांपुढे येतात. शिवाय त्यात नव्या पोरांना 'कोल्हे' आणि जुन्या मंडळींना 'फिलिस्टाइन' म्हटलं आहे. 'असंस्कृत सभासद' असं भाषांतर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे अब्रूचा प्रश्न आहे. नाही चालणार. ज्यांना तुम्ही असंस्कृत म्हणायला निघालात, ते त्या फ्रॅटर्निटीतले, म्हणजे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मंडळातले, सगळ्यात मानाचे लोक आहेत. शिक्षण संपवून डॉक्टर, वकील, प्राध्यापक झालेले, पण सभासदत्व न सुटलेले.

एस्टोनियन शब्द आहे 'विलिस्तलाने'. त्याचं मूळ जर्मन विद्यार्थ्यांच्या बोलीतलं 'फिलिस्टर', आणि त्याचंही मूळ बायबलातलं. मराठी बायबल चाळलं असेल तर हा शब्द तुमच्या ओळखीचा निघेल: पलिष्टी. शमशोनाला दलीला हाक मारते ना, पलिष्टी तुझ्यावर चालून आले म्हणून, तेच हे पलिष्टी. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना गावात विद्यार्थी आणि गावकरी यांच्यात मारामारी झाली, त्यात एक विद्यार्थी मेला आणि पाद्रीबुवांनी हेच वचन घेऊन प्रवचन केलं, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, जर्मन विद्यार्थी गावातल्या बिगरविद्यार्थ्यांना 'फिलिस्टर' म्हणू लागले हे खरं. मग जो विद्यार्थी शिकून बाहेर पडला, नोकरीला लागला, तोही गावकरीच झाला, म्हणजे फिलिस्टर. इंग्रजीतला 'असंस्कृत' हा अर्थ याच जर्मन बोलीतून पुढे फुटलेली वेगळी फांदी आहे. तार्तूला जी फांदी गेली, तिच्यात तुच्छता उरलीच नाही. उलट आज एस्टोनियात कुठल्याही शाळेचा माजी विद्यार्थी 'विलिस्तलाने' असतो आणि शाळा त्यांचे मेळावे भरवतात.

'फ' चा 'व' कसा झाला? अस्सल एस्टोनियन शब्दांत 'फ' हा उच्चारच नाही, त्यामुळे जुन्या उसन्या शब्दांत लोकांनी जवळचा उच्चार धरला. आपल्याकडे ऑफिसचं 'हापिस' झालं, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे एस्टोनियनमध्ये 'विलिस्तामा' म्हणजे शिट्टी वाजवणे. त्यामुळे एखाद्या परक्याला हा शब्द 'शिट्टीवाला' असा दिसू शकतो. आणखी एक जाता जाता, कारण मला हे फार आवडतं: शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर आलं की जुन्या एस्टोनियन जिभेने पहिलं व्यंजन गाळून टाकलं. 'स्टुडंट' चा झाला 'तुडेंग'. आपल्या खेड्यापाड्यांत स्टेशनचं 'ठेसन' झालं, तिथेही पहिला 'स' असाच गळाला. दोन भाषांचा काडीचा संबंध नाही, पण जिभेचा आळस सारखाच.

आता कोल्हा. एस्टोनियन 'रेबाने' म्हणजे तोच धूर्त प्राणी, आणि हा जर्मन 'फुक्स' चा सरळ अनुवाद आहे. इथे उसनवारी नाही, भाषांतर आहे. नवा आलेला पोरगा काही सत्रं 'रेबाने' असतो. मंडळाचा इतिहास, गाणी, रीतभात शिकतो, मोठ्यांनी सांगितलेली कामं करतो, आणि रंगीत टोपी त्याला लगेच मिळत नाही. हा शब्दही मंडळाच्या भिंती ओलांडून बाहेर पडला आहे. आज तिकडे शाळेत दहावीला नव्याने आलेल्या मुलांनाही 'रेबाने' म्हणतात आणि त्यांची थट्टामस्करी करत स्वागत होतं. मराठीत एक अडचण आहे: काटेकोर बोलायचं तर हा प्राणी म्हणजे आपली 'खोकड', कोल्हा नव्हे. पण 'नव्या सभासदांना खोकड म्हणतात' असं लिहिलंत तर वाचक शब्दकोश शोधायला उठेल. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हाच हा निकाल कोल्ह्याच्या बाजूने लागला आहे. कोल्हाच ठेवा, पण एकदा अवतरणचिन्हात टाकून तो नवशिक्या आहे हे सांगा. नाहीतर मराठी वाचकाला वाटेल, हे लबाडांचं मंडळ आहे.

मुख्य प्रश्न 'फ्रॅटर्निटी' चा. लॅटिन 'फ्रातेर', संस्कृत 'भ्रातृ', फारसी 'बिरादर', इंग्रजी 'ब्रदर' आणि आपला 'भाऊ' ही सगळी एकाच घरातली. म्हणजे 'बंधुसंघ' पेक्षा 'बिरादरी' हा फ्रॅटर्निटीचा अधिक जवळचा भाऊ. पण मराठीत बिरादरी म्हटलं की जात आठवते. 'बंधुता' संविधानाच्या उद्देशिकेत जाऊन बसली आहे, तिला बिअरच्या मेजावर ओढू नये. आणि 'भाऊबंद' म्हटलं की बांधाचा वाद सुरू. भावावरून बनलेला एकही मराठी शब्द साधा, हलका राहिलेला नाही. एक तर फार पवित्र, नाहीतर थेट सातबाऱ्यावर.

एस्टोनियन भाषा मात्र या घरातली नाहीच. ती फिनिशची बहीण, हंगेरियनची लांबची नातलग. तिच्यात भाऊ म्हणजे 'वेंद', जुना शब्द 'वेली'. 'भ्रातृ' शी दोघांचाही संबंध नाही. 'फ्रातेर्निटास एस्टिका' (1907) किंवा 'फ्रातेर्निटास लिविएन्सिस' (1918) अशा नावांतला भाऊ लॅटिन आहे, तोही थोड्याच नावांत. बाकीच्यांची नावं बघा: विरोनिया, साकाला, उगाला, रोटालिया. ही एस्टोनियाच्या जुन्या प्रांतांची नावं आहेत, काही लॅटिन वेषात. आपल्याकडे मंडळांना माणदेश, मावळ, बागलाण अशी नावं द्यावीत तसं. 'भाऊ' या अस्सल एस्टोनियन शब्दापासून बनलेलं एक नाव मला ठाऊक आहे, 'वेल्येस्तो', 1920 सालचं. शब्दशः 'भावकी'. आणि या भावकीत पहिल्यापासून मुलीही होत्या! 'बंधुसंघ' या शब्दावर माझा भरवसा नाही तो यामुळे.

तिथले लोक स्वतः काय म्हणतात? दोन शब्द आहेत, 'सेल्ट्स' आणि 'कोर्पोरात्सिओन', आणि या दोहोंतला फरक समजायला थोडा इतिहास लागतो.

तार्तूचं विद्यापीठ 1632 साली स्वीडनच्या राजाने काढलं. मध्ये बंद पडलं, 1802 साली रशियाच्या झारच्या अमलात पुन्हा उघडलं. शिकवण्याची भाषा जर्मन, विद्यार्थी बहुतेक जर्मन जमीनदारांची, पाद्र्यांची आणि व्यापाऱ्यांची मुलं. एस्टोनियन माणूस म्हणजे कूळ. वेठबिगारीसारखी ती व्यवस्था 1816 आणि 1819 साली कायद्याने संपली. या जर्मन मुलांनी आपापल्या प्रांताप्रमाणे मंडळं काढली: 1808 साली कुरोनिया, मग 1821 साली 'एस्टोनिया', 1822 साली लिवोनिया. हो, 'एस्टोनिया' नावाचं मंडळ जर्मन मुलांचं होतं. स्थानिक लोक आपल्या देशाला 'एस्ती' म्हणतात. तुमच्या मजकुरात 'एस्टोनिया फ्रॅटर्निटी' असा उल्लेख आला तर तो देशाचा की या मंडळाचा, हे दोनदा तपासा.

खेड्यातला जो एखादा मुलगा विद्यापीठापर्यंत पोचे, तो बहुधा जर्मन होऊनच बाहेर पडे. 1870 साली काही एस्टोनियन विद्यार्थी आणि शिकलेली मंडळी संध्याकाळी एकत्र जमून 'कालेविपोएग' वाचू लागली. हे क्रॉइट्सवाल्ड या एस्टोनियन लेखकाने लोककथांवरून रचलेलं महाकाव्य, 1857 ते 1861 या काळात छापलं गेलेलं. आपल्याकडे देवळात पोथी लावतात तशी ही पोथी लावण्यातूनच मंडळ उभं राहिलं. 1881 साली त्यांनी 'विरोनिया' या नावाने रीतसर कोर्पोरात्सिओन व्हायचा प्रयत्न केला आणि निळा, काळा, पांढरा हे रंग ठरवले. जर्मन मंडळांच्या महासभेने मान्यता नाकारली. मग 1883 साली वेगळ्या नियमावलीने, वेगळ्या नावाने ते नोंदवलं गेलं: 'एस्ती युलिओपिलास्ते सेल्ट्स'.

हे नाव जरा उकलून बघा. 'युली' म्हणजे वरचा, 'ओपिलाने' म्हणजे शिकणारा. दोन्ही मिळून विद्यापीठात शिकणारा. शेवटचा 'ते' हा प्रत्यय आपल्या 'विद्यार्थ्यांचा' मधल्या षष्ठीचं काम करतो. आणि 'सेल्ट्स' जुन्या जर्मनमधून आलेला, सोबत, संगत या अर्थाच्या शब्दापासून. म्हणजे 'एस्टोनियन विद्यार्थ्यांची मंडळी'. यात भाऊ कुठेही नाही.

1884 च्या 4 जूनला या मंडळाने आपल्या तीन रंगांचा रेशमी झेंडा ओतेपा गावच्या पाद्र्याच्या घरी आशीर्वाद घेऊन फडकवला. 1918 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तोच राष्ट्रध्वज ठरला. पोरांच्या मंडळाचा झेंडा देशाचा झेंडा होणं ही गोष्ट फार ठिकाणी घडलेली नाही. 1940 साली सोव्हिएत सत्तेने ही सगळी मंडळं बंद केली, तो पहिला रेशमी झेंडा एका शेतघरात दडवला गेला, आणि देशोधडीला लागलेल्या सभासदांनी स्वीडनमध्ये, कॅनडात मंडळं चालू ठेवली. मायदेशी ती 1988 पासून पुन्हा सुरू झाली. 4 जून हा तिकडे आता ध्वजदिन आहे.

तर 'सेल्ट्स' ला 'मंडळ' हा उत्तम शब्द. गणेश मंडळ, महिला मंडळ, भजनी मंडळ. मराठी माणूस चार जण जमले की मंडळच काढतो. खरी पंचाईत 'कोर्पोरात्सिओन' ची. ते 'कॉर्पोरेशन' लिहिलंत की पुण्यात वाचक म्हणेल, तिथे पाणीपट्टी भरतात. एस्टोनियात हा शब्द ठराविक विधी, रंग, पदं आणि शिस्त असलेल्या मंडळासाठी आहे, 'सेल्ट्स' मात्र सैल असू शकतं. वरच्या 1870 च्या मंडळाला रंगही आहेत आणि टोपीही, तरी ते 'सेल्ट्स' च. म्हणून दोन्हींसाठी 'विद्यार्थी-मंडळ' वापरा आणि जिथे फरक सांगायचा असेल तिथे 'रंगधारी मंडळ' म्हणा. हा शब्द माझा, कुठल्या कोशात शोधू नका. मुलींच्या मंडळांनाही तो चालतो. 1911 पासून त्यांची वेगळी मंडळं आहेत, 1920 साली 'फिलिए पात्रिए' ही त्यांची पहिली कोर्पोरात्सिओन निघाली. 'भगिनी मंडळ' लिहू नका, वाचकाला पापडाचा वास येईल.

त्या रंगीत टोपीला 'टेक्केल' म्हणतात. चपटी, गोल, पुढे छोटंसं छज्जं, कडेने मंडळाच्या रंगांच्या पट्ट्या. शब्द आला जर्मन 'डेकेल' वरून, म्हणजे झाकण. पातेल्यावर ठेवतात तेच. 'टोपी' म्हणा, झाकणाची गंमत तळटिपेत सांगा. 30 एप्रिलच्या रात्री, 'वोल्ब्री' च्या सणाला, तार्तूच्या रस्त्यांवर अशा टोप्यांचे थवेच्या थवे निघतात.

'कोन्वेंत' हा शब्द येईल तेव्हा जपा. 'कॉन्व्हेंट' केलंत तर निळा पिनाफोर घातलेल्या मुली दिसतील. कोन्वेंत म्हणजे मंडळाची बैठकही आणि मंडळाची वास्तूही. जागा आणि माणसं दोन्हींना एकच शब्द मराठीतही आहे: तालीम. कोल्हापुरात 'पाटाकडील तालीम' म्हटलं की इमारतही आली आणि फुटबॉलचा संघही आला. पण म्हणून तार्तूच्या पोरांना तालमीत बसवू नका, लोक लंगोट शोधतील. संदर्भाप्रमाणे 'मंडळाचं घर' किंवा 'बैठक' पुरे. 'कोमेर्स' आलं तर तो वाणिज्य शाखेशी एका मुळातला असूनही गाण्यांचा आणि बिअरचा रीतसर मेजवानी-सोहळा आहे. त्याचा बी.कॉम.शी संबंध नाही.

विलिस्तलाने राहिले. 'माजी सभासद' हे नेमकं चुकीचं होईल, कारण ते माजी होतच नाहीत. 'ज्येष्ठ सभासद' लिहा. तुम्ही पाठवलेलं वाक्य मी असं छापीन: 'त्या संध्याकाळी मंडळाच्या घरी ज्येष्ठ सभासद जमले होते आणि "कोल्हे" त्यांच्यासाठी मेज मांडत होते.'

एक शेवटचं, तुमच्या मुद्रितशोधकासाठी. एस्टोनियनमध्ये या मंडळांच्या नावाआधी 'कोर्प!' असं उद्गारचिन्हासकट लिहितात, 'कोर्प! साकाला' असं. तसंच व्यक्तीच्या नावाआधी 'विल!'. हे ओरडणं नव्हे. संक्षेपानंतर आपण जिथे टिंब देतो, तिथे जर्मन विद्यार्थ्यांच्या परंपरेत उद्गारचिन्ह देतात. ते खोडू नका म्हणावं, आणि त्यापुढचा शब्द नव्या वाक्याचा समजून पुढच्या ओळीतही ढकलू नका.