कलर टीव्हीला चुंबक लावलं तर पडलेला डाग कायमचा राहतो का?

तुम्ही विचारलंय की मुलाने आजोबांच्या जुन्या कलर टीव्हीला चुंबक लावलं, काचेवर जांभळा डाग पडलाय, टीव्ही गेला का. नाही गेला. आधी त्या पोराला ओरडणं थांबवा, कारण याच गोष्टीसाठी नववीत असताना मी मार खाल्लाय आणि निम्मी चूक माझी नव्हतीच.

१९९६ चा वर्ल्डकप. बाबांनी त्यासाठीच हप्त्यावर २१ इंची कलर टीव्ही घेतलेला. त्याआधी आमच्याकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाईट होता, त्याच्या काचेवर मी कितीदा तरी चुंबक फिरवलं होतं, बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा ओढल्यासारखा वाकडा व्हायचा आणि चुंबक काढलं की जागच्या जागी. मला वाटलं कलरचंही तसंच असणार. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काचेच्या बरोब्बर मधोमध लावलं, हिरवा-जांभळा गोल उमटला आणि चुंबक काढलं तरी तो तिथेच. मधोमध, हे लक्षात ठेवा.

आता असं का झालं तर कलर पिक्चर ट्यूबमध्ये काचेच्या आतल्या बाजूला बारीक भोकांचा पातळ पत्रा असतो, शॅडो मास्क म्हणतात. मागून इलेक्ट्रॉनचे तीन झोत येतात आणि भोकातून असे तिरके जातात की लालचा झोत काचेवरच्या लाल ठिपक्यावरच पडतो, हिरव्याचा हिरव्यावर, निळ्याचा निळ्यावर. चुंबक झोत वळवतं, मग लालचा झोत शेजारच्या ठिपक्यावर जातो आणि रंग चुकतो. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये मास्कच नाही, म्हणून तिथे फक्त चित्र वाकतं. कलरमध्ये मास्क लोखंडी, तो स्वतःच थोडा चुंबक होऊन बसतो, डाग मागे राहतो तो त्यामुळे.

पण यावर उपाय टीव्हीतच असतो! मेन स्विच दाबल्यावर घुम्म असा आवाज यायचा ना, ती डिगॉसिंग कॉईल. ट्यूबभोवती गुंडाळलेली असते, एसी करंट तिच्यातून जोरात सुरू होतो आणि थर्मिस्टर, म्हणजे तापल्यावर करंट अडवणारा छोटा भाग, तापला की कमी कमी होत जातो, त्यात मास्कचं चुंबकत्व उलटसुलट होत होत विरतं. आमच्याकडे त्या आठवड्यात दोन-तीनदा लाईट गेली आणि आली, तेवढ्यात मधला डाग फिका होत होत गेला. आई साक्षीदार आहे.

मग १३ मार्चला इडन गार्डन्सवरची श्रीलंकेविरुद्धची सेमीफायनल बघायला सगळी आळी आमच्या घरात, आणि उजव्या कोपऱ्यातलं गवत जांभळं. उजव्या कोपऱ्यातलं! मी चुंबक लावलं मध्ये. दादाने म्युझिक सिस्टिमचा भलामोठा स्पीकर बॉक्स टीव्हीला चिकटवून ठेवला होता उजव्या बाजूला, त्यातलं चुंबक माझ्यापेक्षा चौपट मोठं. तरी दादा म्हणाला हिनेच चुंबक लावलं होतं, आणि बाबांनी सगळ्यांसमोर दोन ठेवून दिल्या. मेकॅनिक आला तो म्हणाला ट्यूब गेली, बदला. खर्च ऐकून बाबांनी विषयच सोडला, बॉक्स होता तिथेच राहिला, त्यामुळे टीव्हीतल्या कॉईलचंही काही चालेना, आणि पाच वर्षं आम्ही जांभळ्या कोपऱ्याचा टीव्ही बघितला.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना वर्कशॉपमध्ये सरांनी हातातली डिगॉसिंग कॉईल दाखवली तेव्हा मला आधी तो कोपराच आठवला. २००१ च्या सुट्टीत कॉईल मागून घरी आणली. आधी बॉक्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, मग टीव्ही चालू ठेवून काचेसमोर कॉईल गोल गोल फिरवत सात-आठ फूट मागे आले आणि तिथे बटण सोडलं. जवळ असताना बटण सोडलंत तर नवाच डाग पडतो, हे विसरू नका. कोपरा स्वच्छ. बाबा काही बोलले नाहीत, पण बॉक्स परत टीव्हीजवळ कुणाला ठेवू दिला नाही. दादाचं अजूनही म्हणणं की ट्यूब आधीच खराब होती. खराब ट्यूब दोन मिनिटांत बरी होत नाही दादा.

तुम्ही कॉईल शोधायच्या आधी टीव्ही मेन स्विचने बंद करा, रिमोटने नाही, वीस-पंचवीस मिनिटं थंड होऊ द्या, थर्मिस्टर गार झाल्याशिवाय कॉईल पुरेशी चालत नाही. मग चालू करा. असं चार-पाच वेळा. बहुतेक डाग एवढ्यात जातात.

हां, ती छोटी चकचकीत निओडिमियम चुंबकं लावली असतील तर गोष्ट वेगळी, मोठं असेल तर मास्कचा पत्राच वाकू शकतो आणि तो डाग खरोखर कायमचा. आणि मागचं झाकण उघडू नका, कलर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो.

आणि डाग नक्की कुठे आहे, टीव्हीच्या शेजारी कुणी काय ठेवलंय, हे बघा आणि मगच पोराला बोला.