ऊसतोडीची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) बाईला अडवून ठेवू शकतो का?

नाही, अजिबात नाही! आमच्या बीडकडे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, धरतात, उचल पडते नवऱ्याच्या हातात पण फिटेपर्यंत बाईपण अडकते, ताप असो की पाळी, एक खाडा झाला की मुकादम वहीत पैसे चढवतो म्हणून ती पहाटेच फडात. पण १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने असं कर्जच रद्द होतं, फेडायची गरजच नाही. प्रांत किंवा कलेक्टरकडे अर्ज करा आणि मुक्तीचा दाखला मागाच, केंद्राच्या वेठबिगार पुनर्वसन योजनेत बायका-मुलांना २ लाख, देहविक्रीत ढकललेल्या मुलीला ३ लाख आहेत, पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाल्यावरच, हे फार चुकीचं आहे. आत्ता कोंडलं असेल तर आधी ११२ लावा, मुलगी लहान असेल तर १०९८.