कथा आणि निर्णयांना महत्त्व असलेला, पण फारसा चर्चेत नसलेला आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) गेम कोणता?

'विचर ३' आणि 'स्कायरिम' खेळून झालेत आणि आता कुणी सहसा नाव घेत नाही असा, कथेत दम असलेला गेम हवाय, असं तुम्ही लिहिलंय. 'टिरनी' खेळा. ऑब्सिडियनने २०१६ मध्ये काढलेला. याच कंपनीचे 'फॉलआउट: न्यू व्हेगस' आणि 'पिलर्स ऑफ इटर्निटी' लोकांना तोंडपाठ असतात, हा मात्र मागे पडला.

एरवी कुणातरी दुष्टाला थोपवायचं काम आपल्या गळ्यात येतं. इथे तो आधीच जिंकलाय. कायरोस नावाच्या सत्ताधीशाने (पुरुष की स्त्री, यावर गेममधल्या माणसांचंही एकमत नाही) जवळजवळ सगळं जग घशात घातलंय, टिअर्स हा शेवटचा मुलूख बाकी आहे. तुम्ही त्याच राजवटीचे अधिकारी, फेटबाइंडर. तपास तुमचा, निवाडा तुमचा, वेळ आली तर शिक्षाही तुमच्याच हातची.

पात्र तयार झालं की आधी नकाशावर युद्धाची तीन वर्षं खेळायची असतात: कुठल्या मोहिमेवर गेलात, शरण आलेल्यांशी कसे वागलात वगैरे. हा भाग भराभर क्लिक करून उरकू नका. पुढे त्या त्या ठिकाणची माणसं तुम्हाला ओळखतात, आणि ओळखून बहुधा खूश होत नाहीत.

पहिला अंक तर मला अजूनही आरपीजीमधल्या सर्वोत्तम सुरुवातींपैकी एक वाटतो. एका खोऱ्यात बंडखोर अडून बसलेत आणि त्यांना चिरडायला आलेल्या कायरोसच्याच दोन फौजा आपसात भांडतायत. डिसफेव्हर्ड म्हणजे लोखंडी चिलखतातले शिस्तबद्ध, कुळाचा माज असलेले सैनिक. स्कार्लेट कोरस म्हणजे हरलेल्यांना 'आमच्यात या, नाहीतर मरा' म्हणत फुगत गेलेला जमाव. तुम्ही तिथे कायरोसचा हुकूम घेऊन येता, आणि हा हुकूम जादूचा असतो, नुसता वाचला की लागू होतो. ठरलेल्या दिवसाच्या आत बंडखोरांच्या ताब्यातला असेन्शन हॉल हाती आला नाही तर खोऱ्यातलं कुणीही जिवंत राहणार नाही. कुणीही, म्हणजे तुम्हीही. उगाच विश्रांती घेत दिवस घालवलेत तर गेम खरोखर तिथेच संपतो.

साथीदारांची निष्ठा आणि भीती वेगवेगळी मोजली जाते. एखादा तुमच्यावर जीव टाकत असेल आणि तुम्हाला टरकूनही असेल. गटांचंही तसंच, मर्जी वेगळी, रोष वेगळा, आणि दोन्हींतून नवी कौशल्यं मिळतात. त्यामुळे सगळ्यांना गोड बोलत राहण्याचा नेहमीचा डाव इथे सक्तीचा नाही. जादूसाठी मंत्र स्वतः जुळवायचे असतात: मूळ शक्ती कुठली, ती फेकायची कशी, वर आणखी काय जोडायचं. यात माझा किती वेळ गेला ते विचारू नका.

आता खोट. लढाई मध्येच थांबवून हुकूम देण्याच्या जुन्या पद्धतीची आहे आणि पुढेपुढे तेच तेच शत्रू येतात. मी काठिण्यपातळी कमी करून कथेकडे लक्ष दिलं, तुम्हीही द्या. शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो आणि दुसरा भाग आलेला नाही. वाचन भरपूर आहे, मात्र संवादातल्या ठळक नावांवर माउस नेला की खुलासा दिसतो. कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स वगैरे) शोधू नका, तो फक्त संगणकासाठी आहे.

एकाच खेळात सगळं दिसत नाही. दोन फौजांपैकी एकीची बाजू, बंडखोरांची साथ, किंवा सगळ्यांनाच धाब्यावर बसवणं, असे चार रस्ते आहेत. बंडखोरांचा रस्ता पहिल्यांदा घेऊ नका. तो घेतला की हा पुन्हा ओळखीचा नायकाचा गेम होतो. आधी एखाद्या फौजेबरोबर जा आणि हुकूम बजावताना आपण मनाला काय काय पटवून देतो ते बघा.